दुसऱ्याचा ग्रंथ उघडताना

डफ हे आडनाव मराठी माणसाला नवे नाही. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे साताऱ्याचे ग्रँट डफ आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. परंतु त्याच काळात, त्याच स्कॉटलंडमधून आणखी एक डफ हिंदुस्थानात आले. त्यांच्या हातात तलवार नव्हती की सरकारी दफ्तर नव्हते. होते ते बायबल आणि इंग्रजी भाषेचे प्राथमिक पुस्तक. त्यांचे नाव अलेक्झांडर डफ. कलकत्त्याच्या ज्या कॉलेजात पुढे नरेंद्रनाथ दत्त नावाचा विद्यार्थी शिकला आणि स्वामी विवेकानंद झाला, ज्या कॉलेजातून सुभाषचंद्र बोस तत्त्वज्ञानाचे पदवीधर झाले, त्या कॉलेजचे मूळ या डफसाहेबांनी १८३० साली काढलेल्या शाळेत आहे.

बंगालच्या इतिहासात त्यांची नोंद इंग्रजी शिक्षणाचे एक आद्य प्रवर्तक म्हणून होते, आणि तितक्याच ठळकपणे धर्मांतरांचे वादळ उठवणारा पाद्री म्हणूनही होते. पण त्यांच्या आयुष्याचा शेवटचा अध्याय मात्र फारसा सांगितला जात नाही. वयाच्या साठीनंतर एडिंबरोच्या कॉलेजात ते एका अगदी नव्या विषयाचे प्राध्यापक झाले. धर्मप्रसारासाठी परमुलखात जाणाऱ्यांनी आधी त्या मुलखाचा, तिथल्या माणसांचा, त्यांच्या भाषांचा आणि धर्मांचा अभ्यास करावा, आणि तो रीतसर कॉलेजात बसून करावा, हा विचार त्या नेमणुकीमागे होता. ज्या माणसाने उमेदीची तीस-पस्तीस वर्षे हिंदू धर्म खोटा ठरवण्यात घालवली, तो उतारवयात दुसऱ्यांच्या संस्कृतींचा अभ्यास करा असे सांगू लागला. हा प्रवास कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे.

डोंगरातला मुलगा

डफ यांचा जन्म १८०६ सालच्या एप्रिलमध्ये स्कॉटलंडच्या पर्थशायर परगण्यात, मुलीन गावाजवळच्या एका शेतमळ्यावर झाला. हा डोंगराळ प्रदेश. घरात बोलली जाई ती गेलिक भाषा. वडील शेतकरी, पण मोठे भाविक. गेलिक भाषेतली धार्मिक कवने ते मुलाला ऐकवीत. त्यांतले अंतिम न्यायाच्या दिवसाचे वर्णन ऐकून त्या लहानग्याची झोप उडत असे. दूरदेशी धर्मप्रसारासाठी गेलेल्यांच्या गोष्टीही वडीलच सांगत.

शाळेत मात्र सारे शिक्षण इंग्रजीत. घरची भाषा एक आणि पुढे जाण्याची भाषा दुसरी, हा अनुभव डफ यांनी बालपणीच घेतला होता. डोंगरातल्या गरीब मुलाला विद्यापीठाचा दरवाजा उघडून दिला तो इंग्रजीने. पुढे कलकत्त्यात इंग्रजीवर त्यांनी जो आंधळा म्हणावा इतका विश्वास टाकला, त्याचे एक कारण इथे सापडावे.

पंधराव्या वर्षी ते सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दाखल झाले. पुढे तेथे थॉमस चाल्मर्स हे विख्यात धर्मोपदेशक नीतिशास्त्र शिकवायला आले आणि त्यांच्याभोवती तरुणांचा एक मेळा जमला. १८२४ साली या विद्यार्थ्यांनी एक मिशन मंडळ काढले. परदेशांतून आलेले मिशनचे वृत्तांत वाचायचे, त्या देशांची माहिती गोळा करायची, त्यावर चर्चा करायची, असा त्यांचा क्रम असे. अभ्यासक्रमात या विषयाला जागा नव्हती. पोरांनीच ती आपल्या खोल्यांमध्ये केली होती.

या मेळ्यातला जॉन अर्क्वहार्ट हा सर्वांत हुशार मुलगा अठराव्या वर्षीच वारला. डफ यांच्या मनाला त्याचा मृत्यू फार लागला. दुसरे मित्र रॉबर्ट नेस्बिट १८२७ साली आपल्याकडे, मुंबई इलाख्यात आले. नेस्बिट यांनी मराठी इतकी आत्मसात केली की त्यांचे मराठी ऐकून लोक थक्क होत. डफ यांच्या वाट्याला कलकत्ता आले. चर्च ऑफ स्कॉटलंडने हिंदुस्थानात पाठवलेले ते पहिले मिशनरी.

दोनदा बुडालेला प्रवास

१८२९ साली लग्न झाले आणि थोड्याच दिवसांत डफ पत्नी ॲनसह जहाजावर चढले. बरोबर आठशेच्या वर पुस्तके होती. १८३० च्या फेब्रुवारीत आफ्रिकेच्या टोकाजवळ जहाज खडकावर आदळून फुटले. माणसे एका ओसाड बेटावर कशीबशी पोचली. पुस्तके समुद्राने घेतली. किनाऱ्यावर वाहून आलेल्या वस्तूंत एका खलाशाला डफ यांचे बायबल सापडले. बाकीचा सगळा ग्रंथसंग्रह गेला आणि तेवढे एकच पुस्तक उरले, यात डफ यांना देवाचा संकेत दिसला.

दुसरे जहाज मिळाले, तेही गंगेच्या मुखाजवळ वादळात रुतले. अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी हे जोडपे किनाऱ्यावरच्या एका देवळात रात्र काढून मे महिन्याच्या अखेरीस कलकत्त्याला पोचले. हिंदू देवळे ओस पडावीत म्हणून आलेल्या माणसाला पहिला आसरा मिळाला तो देवळातच. दैवाचा हा विनोद त्या वेळी त्यांच्या लक्षात आला असेल का, कोण जाणे.

कलकत्त्यातले बहुतेक मिशनरी त्यांच्या योजनेच्या विरोधात होते. डफ यांना वरच्या जातींतल्या मुलांसाठी इंग्रजीतून उच्च शिक्षणाची शाळा काढायची होती. पाठिंबा दिला तो सेरामपूरच्या वृद्ध विल्यम केरी यांनी. हे तेच केरी, ज्यांनी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली आणि १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. देशी भाषांसाठी आयुष्य वेचलेल्या त्या माणसाने इंग्रजीचा कैवार घेणाऱ्या या चोवीस वर्षांच्या पोराला आशीर्वाद दिला.

राममोहन यांचा धडा

दुसरा आधार मिळाला तो राजा राममोहन रॉय यांचा. चितपूर रस्त्यावरच्या ज्या घरात त्यांची ब्राह्मसभा भरत असे, ते आता मोकळे झाले होते. ती जागा त्यांनी डफ यांना मिळवून दिली आणि पहिली पाच मुलेही आणून दिली. १३ जुलै १८३० रोजी शाळा सुरू झाली.

पहिल्या दिवसांतला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. प्रार्थनेनंतर डफ यांनी मुलांच्या हाती बायबलच्या प्रती दिल्या तेव्हा मुले चुळबुळ करू लागली. हे पुस्तक वाचले तर आपण बाटू, ही भीती. राममोहन तेथेच होते. त्यांनी मुलांची समजूत घातली. होरेस विल्सन या इंग्रज पंडिताने हिंदूंची शास्त्रे वाचली आहेत, म्हणून काही तो हिंदू झाला नाही. स्वतः राममोहन यांनी कुराण अनेकदा वाचले, म्हणून ते मुसलमान झाले नाहीत. तेव्हा वाचा, आणि आपापल्या बुद्धीने पारखून घ्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मुलांचा संकोच गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस राममोहन इंग्लंडला निघून गेले आणि परत आलेच नाहीत. १८३३ साली ब्रिस्टलला त्यांचे निधन झाले.

राममोहन यांचा हा धडा दुहेरी होता. हिंदू मुलाने ख्रिस्ती ग्रंथ उघडावा, तसा ख्रिस्ती माणसानेही हिंदूंचा ग्रंथ उघडावा. दुसऱ्याचे पुस्तक वाचल्याने माणूस आपले घर सोडत नाही, उलट त्याची नजर मोठी होते. डफ यांनी या धड्याचा अर्धाच भाग उचलला. मुलांनी काय वाचावे हे त्यांना पटले. स्वतः काय वाचावे याकडे त्यांनी पाठ फिरवली.

शाळा मात्र झपाट्याने वाढली. डफ हाडाचे शिक्षक होते. घोकंपट्टीऐवजी प्रश्नोत्तरे, मुलांना बोलते करणे, विज्ञानाचे साधे दाखले ही त्यांची पद्धत. एकदा वर्गात पाऊस कसा पडतो, असा प्रश्न निघाला. पाऊस इंद्राच्या हत्तीच्या सोंडेतून येतो, असे आपल्या गुरूंनी सांगितल्याचे एका मुलाने सांगितले. डफ यांनी तापलेल्या भांड्यातली वाफ आणि तिचे होणारे थेंब समजावून दिले. मुलगा विचारात पडला. गुरूंचे हे चुकले तर आणखी काय काय चुकले असेल? डफ यांना हेच हवे होते. विज्ञानाने जुनी श्रद्धा ढासळेल आणि रिकाम्या जागी ख्रिस्ती श्रद्धा येऊन बसेल, असा त्यांचा हिशेब होता. हिंदू धर्माच्या इमारतीखाली सुरुंग पेरावा, तसे ते शिक्षणाकडे पाहत.

हिशेब अर्धाच बरोबर निघाला. श्रद्धा डळमळली, पण रिकाम्या जागेत ख्रिस्ती धर्मच आला असे नाही. कुणाच्या बाबतीत ब्राह्मसमाज आला, कुणाच्या बाबतीत नास्तिकता, कुणाच्या बाबतीत देशाभिमान. हजारो मुले शिकून गेली. बाप्तिस्मा घेणारे मोजकेच निघाले.

घराघरांतले वादळ

मोजके असले तरी त्यांनी कलकत्ता हलवले. १८३२ साली कृष्णमोहन बॅनर्जी यांनी डफ यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. कुलीन ब्राह्मणाचा हा मुलगा विद्वान आणि तडफदार होता. धर्मांतर म्हणजे त्या काळी घरातला मुलगा जिवंतपणी गमावणे. आईबापांना त्याच्या हातचे पाणी चालत नसे, मालमत्तेवरचा हक्क जाई, बायकोची ताटातूट होई. शाळेच्या फाटकाशी रडणाऱ्या आया आणि कोर्टात धाव घेणारे बाप, ही दृश्ये वारंवार दिसू लागली.

१८४५ साली उमेशचंद्र सरकार हा किशोरवयीन मुलगा आपल्या बालवयाच्या पत्नीसह डफ यांच्या आश्रयाला गेला. त्या वेळी रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ ठाकूर खवळून उठले. सनातनी राधाकांत देव आणि सुधारक देवेंद्रनाथ एरवी एकमेकांच्या विरोधात. पण या प्रकरणी एकत्र आले आणि हिंदू मुलांसाठी १८४६ साली त्यांनी मोफत शाळा काढली. डफ यांच्या शाळेने हिंदूंनाही शाळा काढायला लावली.

आपल्याकडेही याच सुमारास हीच कहाणी घडत होती. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने डफ यांचे विद्यार्थिदशेतले मित्र नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा लहान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता; कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. या मुलाला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर सनातन्यांचा रोष पत्करून उभे राहिले. सेंट अँड्र्यूजच्या खोलीत दूरदेशीचे वृत्तांत वाचणाऱ्या त्या कोवळ्या मुलांना, आपल्या कामामुळे एखाद्या घरात काय होईल, हे कोणत्याच पुस्तकाने सांगितले नव्हते.

डफ हे क्रूर नव्हते. वियोग त्यांनीही सोसला होता. आजारपणामुळे १८३४ साली त्यांना मायदेशी परतावे लागले आणि १८३९ साली पुन्हा निघताना मुलांना मागे ठेवावे लागले. परतीच्या वाटेवर १८४० साली ते मुंबईत उतरले आणि जॉन विल्सन यांना भेटले. विल्सन हे वेगळ्या घडणीचे मिशनरी. मराठी, गुजराती, संस्कृत, पारशांची धर्मभाषा, सगळे त्यांनी अभ्यासले होते. वादात तेही कठोर होते; पण ज्याचे खंडन करायचे ते आधी मुळातून वाचायचे, हा त्यांचा नेम. डफ यांनी आदल्याच वर्षी हिंदुस्थानातल्या मिशनकार्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. त्यात हिंदू धर्माचे चित्र जितके काळे रंगवता येईल तितके रंगवले होते.

तत्त्वासाठी किंमत मोजण्याची तयारी मात्र त्यांच्यात होती. १८४३ साली स्कॉटलंडचे चर्च फुटले. सरकार आणि जमीनदार यांची धर्मगुरूंच्या नेमणुकांतली लुडबुड नको म्हणून चाल्मर्स यांच्या नेतृत्वाखाली मोठा गट बाहेर पडला आणि फ्री चर्च स्थापन झाले. डफही बाहेर पडले. नव्या इमारतीत स्थिरावलेली शाळा, ग्रंथालय, प्रयोगाची साधने, सारे जुन्या चर्चच्या हाती देऊन त्यांनी निमतल्ल्याला दुसरी शाळा उभी केली. विवेकानंद शिकले ते जुन्या चर्चकडे राहिलेल्या संस्थेत. १९०८ साली दोन्ही संस्था एकत्र आल्या आणि आजचे स्कॉटिश चर्च कॉलेज तयार झाले.

उतारवयातला प्राध्यापक

१८५७ चा उठाव डफ यांनी कलकत्त्यातून पाहिला आणि त्यावर मायदेशी पत्रे लिहिली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या कलकत्ता विद्यापीठाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. १८६३ साली प्रकृती पार खालावली आणि त्यांनी हिंदुस्थान कायमचा सोडला. वाटेत दक्षिण आफ्रिकेतली मिशनची ठाणी पाहिली. १८६५ साली पत्नी ॲन वारल्या.

एकाकी झालेल्या या म्हाताऱ्याने आता एकच ध्यास घेतला. मिशनकार्य हा चर्चचा जोडधंदा नसून धर्मशास्त्राच्या शिक्षणाचा भाग असला पाहिजे, यासाठी कॉलेजात स्वतंत्र प्राध्यापक हवा. दहा हजार पौंडांचा निधी उभा राहिला आणि १८६७ साली एडिंबरोच्या न्यू कॉलेजात अध्यासन स्थापन झाले. गुरू चाल्मर्स हे याच कॉलेजचे पहिले प्राचार्य होते. अध्यासनावर नेमणूक अर्थातच डफ यांची झाली. प्रोटेस्टंट जगातले या विषयाचे हे पहिले कायम अध्यासन, असे बहुतेक अभ्यासक मानतात. विद्यार्थिदशेत खोलीत भरणाऱ्या त्या मंडळाला अखेर वर्गाची खोली मिळाली.

डफ यांचे स्वप्न अध्यासनापुरते नव्हते. त्यांना एक मोठी संस्था हवी होती. आशिया-आफ्रिकेतल्या भाषा, तेथला भूगोल, इतिहास, धर्म आणि चालीरीती यांचे शिक्षण तेथे मिळावे. मिशनऱ्यांनाच नव्हे तर त्या देशांत कामासाठी जाणाऱ्या इतरांनाही मिळावे, अशी त्यांची योजना होती. ती संस्था कधीच उभी राहिली नाही.

अध्यासनाचीही गत बरी नव्हती. विद्यार्थ्यांवर हजेरीची सक्ती होती, पण मनाची सक्ती कोण करणार? बहुतेकांना स्कॉटलंडमधल्याच एखाद्या गावात पाद्री व्हायचे होते. आणि हेही खरे की डफ यांच्या व्याख्यानांत अभ्यासापेक्षा आवेश अधिक होता. सभा पेटवून देणारा वक्ता वर्गात रोज उठून पेटवू शकत नाही. ज्या हिंदू शास्त्रांचा अभ्यास नव्या पिढीने करावा असे त्यांना वाटे, तो त्यांनी स्वतः विल्सन यांच्यासारखा केलेला नव्हता. राममोहन यांच्या धड्याचा राहिलेला अर्धा भाग त्यांना उमगला होता असे दिसते. पण तो शिकवण्यासाठी लागणारी शिदोरी गाठीला नव्हती.

१२ फेब्रुवारी १८७८ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सिडमथ येथे डफ यांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत अध्यासनही मागे पडले.

शिष्यांनी पुरी केलेली वाट

राहिलेले काम पुढे नेले ते, डफ यांना अपेक्षा नव्हती अशा माणसांनी. कृष्णमोहन बॅनर्जी यांनी १८७५ साली एक ग्रंथ लिहून वेदांतली यज्ञकल्पना आणि ख्रिस्ताचे बलिदान यांचे नाते शोधले. आपल्या पूर्वजांचा ग्रंथ फेकून न देता तो नव्या श्रद्धेच्या उजेडात त्यांनी पुन्हा उघडला. दुसरे शिष्य लालबिहारी दे हेही पाद्री झाले. पण त्यांची कीर्ती राहिली ती बंगालच्या शेतकऱ्याच्या जीवनावरच्या कादंबरीमुळे आणि १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या बंगाली लोककथांच्या संग्रहामुळे. ज्या आजीबाईच्या गोष्टींना डफ यांच्या वर्गात अंधश्रद्धा म्हटले असते, त्या त्यांच्या शिष्याने जपून जगापुढे ठेवल्या.

युरोपातही विषय पुन्हा रुजला. १८९६ साली जर्मनीतल्या हाले विद्यापीठात गुस्ताव वार्नेक यांची या विषयासाठी नेमणूक झाली आणि मिशनकार्याच्या अभ्यासाला शास्त्राचे रूप आले. १९१० साली एडिंबरोला, न्यू कॉलेजला लागून असलेल्या सभागृहात जगभरच्या मिशनऱ्यांची परिषद भरली. मिशनऱ्यांना तयार कसे करावे आणि इतर धर्मांकडे कोणत्या नजरेने पाहावे, यांवर तेथे स्वतंत्र अहवाल मांडले गेले. त्याच परिषदेत दक्षिण हिंदुस्थानचे व्ही. एस. अझरिया उभे राहिले. मिशनऱ्यांनी आमच्यासाठी पुष्कळ त्याग केला, आता आम्हाला मैत्री हवी आहे, अशी त्यांची मागणी होती. आश्रित म्हणून नव्हे, बरोबरीचे म्हणून. सभा अस्वस्थ झाली. आपल्याकडे त्याच काळात रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ताची भक्ती अभंगांतून आणि कीर्तनांतून गात होते.

न्यू कॉलेज १९३५ साली एडिंबरो विद्यापीठाच्या धर्मशास्त्र शाखेचा भाग झाले. १९८० च्या दशकात तेथे पाश्चात्त्य जगाबाहेरच्या ख्रिस्ती धर्माचा अभ्यास करणारे केंद्र आले. आशिया-आफ्रिकेतले विद्यार्थी तेथे जाऊन मिशनऱ्यांची जुनी कागदपत्रे आपल्या नजरेने वाचू लागले. ज्यांच्याविषयी शिकवायचे होते, तेच आता शिकवू आणि प्रश्न विचारू लागले. जर्मनीतल्या विद्यापीठांमध्येही या विषयाच्या नावात आंतरसांस्कृतिक हा शब्द येऊन बसला आहे.

डफ यांना हे सगळे आवडले असते असे म्हणवत नाही. आपलेच सत्य अंतिम, ही त्यांची खात्री शेवटपर्यंत ढळली नाही. त्यांच्यामुळे घरे तुटली, हे विसरता येत नाही. त्यांच्यामुळे पिढ्या शिकल्या, हेही नाकारता येत नाही. पण साठीच्या पुढे, थकलेल्या अंगाने, दुसऱ्यांना जाणून घेतल्याशिवाय त्यांच्या दारी जाऊ नका असे सांगण्यासाठी ते वर्गात उभे राहिले, याची नोंद त्यांच्या खात्यावर करायला हवी.

आणि हा धडा केवळ पाद्र्यांसाठी नाही. आज आपल्या शेजारी वेगळ्या धर्माचे, वेगळ्या भाषेचे घर असते. त्या घरात कोणता सण कसा साजरा होतो, कोणत्या ग्रंथावर हात ठेवून ते शपथ घेतात, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? चितपूर रस्त्यावरच्या त्या खोलीत राममोहन यांनी घाबरलेल्या पाच मुलांना जे सांगितले, ते त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या तरुण शिक्षकाला कळायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली, आणि तेव्हाही ते पुरते कळले नाही. आपण तरी तेवढा उशीर कशाला करायचा?